दम संपला, तरी हिरो उठतो!

ॲनिमे बघणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. हिरो बेदम मार खातोय, ओठातून रक्त येतंय, तलवार तुटलीये आणि मधेच लहानपणीचा फ्लॅशबॅक सुरू झालाय, म्हणजे समोरच्याचं आता काही खरं नाही. 'नारुतो' असो, 'वन पीस' असो नाहीतर 'डेमन स्लेयर', जितका जास्त मार तितकी जास्त ताकद, हा या गोष्टींचा न लिहिलेला कायदा आहे.

आता हाच हिरो उचलून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलावर आणा. पहिल्या लेव्हलचा जादूगार, हिट पॉइंट सहा-सात. झुडपातून एक गॉब्लिन निघतो, फासा पडतो, सरासरी पाचचा फटका बसतो. मागून दुसरा गॉब्लिन येतो. झाला हिरो आडवा, फ्लॅशबॅक सुरू व्हायच्या आत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण आपलं पात्र काय करतं ते सांगतो आणि जमेल की नाही हे फासा ठरवतो. ना बोर्ड लागतो, ना स्क्रीन. कागद, पेन्सिल, फासे आणि गप्पा मारायची हौस एवढं भांडवल. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला आणि या प्रकाराला टेबलटॉप रोलप्लेइंग हे नाव पडलं. आपल्यातल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदा पाहिला 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये.

महाड-पोलादपूरकडचा आमचा पाच जणांचा गट हा खेळ खेळतो. तिघं महाडचे, दोघं पोलादपूरचे. त्यातले दोघं आता कामाला ठाण्या-पनवेलकडे, त्यामुळे सगळे एकत्र भेटायची हमखास वेळ म्हणजे गणपती. सगळे ॲनिमेवर पोसलेले. त्यामुळे प्रश्न आलाच: या नियमांमध्ये ॲनिमेचा फील आणायचा कसा?

यावर सगळ्यात आधी सुचणारं उत्तर म्हणजे पॉवरची यादी करणं. आगीचा श्वास एवढे पॉइंट, सावलीची प्रत एवढे पॉइंट. कॅनडाच्या मार्क मॅकिनन यांचा 'बिग आइज, स्मॉल माउथ' हा १९९७ चा खेळ साधारण याच वाटेने जातो. शरीर, मन आणि आत्मा असे तीनच गुण, सहा बाजूंचे साधे फासे आणि पॉइंट देऊन विकत घ्यायच्या शक्ती. सोपा आहे, कुठल्याही ॲनिमेला चालतो. पण माझं मत विचाराल तर शक्तींच्या यादीत ॲनिमे नाहीच. आग फेकणारा जादूगार मूळ डी अँड डीमध्येही आहे, तरी तो ॲनिमेसारखा वाटत नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच प्रश्नाने: या गोष्टीत ताकद कशातून येते? त्याचं उत्तर नियमात बदललं की बाकीचं आपोआप बदलतं.

गंमत म्हणजे हा रस्ता आधी उलट्या दिशेने चालून झालाय. १९८६ मध्ये जपानमधल्या 'कॉम्पटिक' या कॉम्प्युटर मासिकात काही मित्रांचा डी अँड डीचा खेळ संवादासकट छापायला सुरुवात झाली. सूत्रधार होते र्यो मिझुनो. वाचक त्यावर तुटून पडले. त्यातून कादंबऱ्या आल्या आणि १९९० मध्ये तेरा भागांचं ॲनिमे आलं, 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर'. त्यातली डीडलिट ही लांब कानांची एल्फ मुलगी आजही ॲनिमेतल्या एल्फचा साचा मानली जाते. मूळ टेबलावर ती भूमिका करत होते हिरोशी यामामोटो, एक पुरुष विज्ञानकथा लेखक. म्हणजे कट्ट्यावर बसून मुलीचं पात्र घ्यायला लाजणाऱ्या पोरांनो, नोंद घ्या. पुढे याच मंडळींनी स्वतःचे नियम लिहिले आणि जपानमध्ये असे खेळ भराभर वाढले. त्यातल्या काहींनी आमचं काम बरंच सोपं केलं.

दम, घाव आणि चढता फासा

पहिली अडचण हिट पॉइंटची. आम्ही त्याला 'दम' म्हणतो. शब्द एकदम चपखल बसला, कारण मूळ नियमातही हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नाही, त्यात तग धरायची ताकद आणि नशीबही धरलंय. डी अँड डीमध्ये तुमचा दम चाळीस असो वा एक, तुमचा वार तेवढ्याच जोराचा असतो. शून्यावर आलात की बेशुद्ध. मग दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त आला तर एक यश, कमी आला तर एक अपयश. तीन यश आधी आली तर जीव वाचला, तीन अपयश आधी आली तर गेला. म्हणजे मधल्या प्रवासाला काही किंमतच नाही. एकतर ठणठणीत, नाहीतर आडवा.

दुसरी अडचण याहून मोठी, पण पटकन लक्षात येत नाही. डी अँड डीमध्ये शहाणा खेळाडू आपला सगळ्यात मोठा वार पहिल्याच फेरीत टाकतो. हिशोब सरळ आहे: शत्रू लवकर मेला तर आपल्याला कमी लागेल. आता असा ॲनिमे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या मिनिटाला अंतिम अस्त्र आणि नंतर अर्धा तास साध्या तलवारीने टकटक. कोण बघेल?

यावर २०१३ च्या 'थर्टीन्थ एज' या खेळात एक झकास तोडगा आहे. सहा बाजूंचा मोठा फासा टेबलाच्या मधोमध ठेवायचा. लढाईच्या दुसऱ्या फेरीला त्यावर १ लावायचा, तिसरीला २, असं सहापर्यंत. हिरोंनी प्रत्येक वाराला तेवढे गुण मिळवायचे. शत्रूला ते सहसा मिळत नाहीत. लढाई जितकी लांबेल तितके आपण भारी. आम्ही याला 'चढता फासा' म्हणतो. डी अँड डीमध्ये तो जसाच्या तसा आणला तर मात्र जास्त होतो. तुमचा वाराचा बोनस ५ आणि समोरच्याचा बचाव १५ असेल तर वार लागायची शक्यता ५५ टक्के. त्यात ३ मिळवले की ७० टक्के आणि ६ मिळवले की ८५. मग धाकधूकच संपते. म्हणून आम्ही तो तीनवर थांबवला आणि वर एक अट घातली: प्रत्येकाचा खास वार फासा तीनवर आल्याशिवाय निघणारच नाही. एवढ्या एका ओळीने सगळ्या लढाया बदलल्या. आता पहिल्या दोन फेऱ्या लोक डायलॉग मारतात, अंदाज घेतात, मार खातात. म्हणजे जे ॲनिमेत होतं तेच.

मग आम्ही घावाला हात घातला. दम निम्म्यावर आला की प्रत्येक वाराला सहा बाजूंचा एक जास्तीचा फासा, असा नियम केला. पहिल्याच दिवशी आमच्या गटातला वैद्य वैतागला, कारण कुणी औषधच घेईना! "अरे, बरा झालो तर फासा जाईल ना," म्हणून सगळे रक्तबंबाळ फिरत होते. यावर उपाय सापडला 'मास्क्स' नावाच्या खेळात. तो खरं तर टीनएजर सुपरहिरोंचा आहे, पण आपल्या वयाच्या मनाचं त्याला भारी कळलंय. त्यात हिट पॉइंटच नाहीत. मार बसला की तुम्ही घाबरता, चिडता, अपराधी वाटून घेता, हताश होता किंवा स्वतःवरचा विश्वास गमावता. अशा पाचच खुणा. आणि कुणी जवळ येऊन धीर दिला, तुम्हीही मनातलं बोललात, तर खूण पुसली जाते. आम्ही तेवढंच उचललं: वैद्याने पट्टी बांधताना जखमीने त्याला पात्राच्या मनातलं एक खरं वाक्य सांगायचं. मग दमही भरतो आणि तो जास्तीचा फासा पुढच्या वारासाठी वैद्याकडे जातो. आता औषधाला रांग लागते. लढाईनंतर शेकोटीजवळ बसून दोन पात्रं हळूच बोलतात तो सीन आठवा. तो नियमातून आपोआप येतो, कुणाला 'आता इमोशनल हो' म्हणून सांगावं लागत नाही.

उमरठचा चौकोन

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला नियम आहे 'तेन्रा बान्शो झिरो' या जपानी खेळातला. जुनिची इनोए यांचा हा खेळ इंग्रजीत २०१३ मध्ये आला. त्यात पात्राच्या कागदावर दमाशेजारी जखमांचे चौकोन असतात: हलकी, जड, जीवघेणी आणि शेवटी एकच चौकोन, मरणाचा. फटका बसला की तो दमातून वजा करायचा की चौकोनावर घ्यायचा, हे खेळाडू स्वतः ठरवतो. जड चौकोन भरले की फासे वाढतात. आणि मरणाचा चौकोन भरला की सगळ्यात जास्त वाढतात. पण त्याचा अर्थ असा की आता दम संपला तर तुम्ही खरंच मरणार. चौकोन रिकामा ठेवलात तर दम संपल्यावर फक्त बेशुद्ध पडाल. म्हणजे या खेळात फासा तुम्हाला कधीच मारू शकत नाही. मरण पणाला लावायचं की नाही, हे तुमच्या पेन्सिलीवर आहे.

हा नियम मी पोलादपूरच्या दोघांना समजावून सांगत होते तेव्हा त्यातला एक जण लगेच म्हणाला, "म्हणजे तानाजी."

अगदी तेच. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे, समाधीही तिथेच. इकडच्या पोरांना ही गोष्ट शाळेच्या पुस्तकाआधी घरात कळलेली असते. इतिहासकार त्यातल्या कुठल्या तपशिलाला काय म्हणतात ते बाजूला ठेवू. पोवाड्यातून आणि लोकांच्या तोंडून आलेली गोष्ट बघा. घरात मुलाचं, रायबाचं लग्न. आमंत्रण द्यायला गेलेला बाप लग्न मागे ठेवून कोंढाण्याची मोहीम मागून घेतो. चौकोन तिथे भरला गेला, गडावर नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कडा चढून वर गेल्यावर ढाल तुटते, तर माणूस हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलतो. घाव वाढतोय, फासे वाढतायत. डी अँड डीच्या नियमात ढाल तुटली की बचाव दोनने कमी, विषय संपला. तेन्राच्या नियमात ढाल तुटणं हाच त्या रात्रीचा सगळ्यात मोठा क्षण होतो. मग सूर्याजी येतो, परतीचे दोर कापलेत म्हणून सांगतो आणि पळणारे मावळे मागे फिरतात. म्हणजे साथीदार पडल्यावर बाकीच्यांची ताकद वाढते. आम्ही तोही नियम केला: कुणी चौकोन भरून पडला तर चढता फासा थेट शेवटच्या आकड्यावर.

शोनेन ॲनिमेतला जो बाज आपण जपानी समजतो तो आपल्या कानांना इतका ओळखीचा का वाटतो, याचं उत्तर मला या टेबलावर मिळालं. आपण पोवाडे ऐकत मोठे झालोय. शाहीरही हिरोला झाडीतल्या बाणाने मरू देत नाही.

दोघांपैकी एकाची आजी स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मरायला कशाला रे चौकोन लागतो?" आम्ही हसलो. पण त्या प्रश्नाकडे पुढे यावंच लागतं.

त्याआधी आरडाओरडीबद्दल. ॲनिमेत वार करायच्या आधी वाराचं नाव ओरडायचं असतं, हे तुम्ही जाणता. 'एक्झाल्टेड' या २००१ च्या खेळात त्याला नियमाचं बळ आहे: नुसतं 'मी मारतो' म्हणालात तर काही नाही, पण चांगलं वर्णन केलंत तर एक ते तीन जास्तीचे फासे. तेन्रामध्ये तर दाद द्यायचा हक्क टेबलावरच्या प्रत्येकाला आहे. कुणाचा डायलॉग आवडला की समोरच्याने त्याच्यापुढे एक चकती सरकवायची, ती नंतर फासे विकत घ्यायला चालते. गणपतीत आमच्याकडे जाखडीचे नाच होतात, शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करतात. बुवाने बिनतोड जवाब दिला की गर्दीतून कुणीतरी उठून बक्षीस देतो. तीच ही चकती! म्हणून आम्ही शत्रूशी बोलाचाली हा वेगळा फासा न ठेवता सवाल-जवाबच ठेवला. सूत्रधार खलनायकाच्या तोंडून सवाल टाकतो, आपण पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. चकत्या म्हणून कॅरमच्या सोंगट्या. राणी मिळाली तर दोन फासे.

फासे कुठून आणायचे?

वीस बाजूंचा फासा इकडच्या दुकानात मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. ऑनलाइन मिळतो, फोनमध्ये ॲपही आहेत. पण एक ते वीस लिहिलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून काढल्या तरी हिशोब तोच, फक्त चिठ्ठी परत डब्यात टाकायची. नाहीतर सरळ ल्युडोचे दोन फासे घ्या. त्यात मात्र स्वभाव बदलतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. दोन साध्या फाशांत सात सगळ्यात जास्त वेळा येतात, छत्तीसात सहा वेळा, आणि बारा छत्तीसात एकदाच. म्हणजे सराईत माणूस सराईतासारखा वागतो आणि चमत्कार खरंच चमत्कार वाटतो.

पुस्तकं महाग आहेत आणि इंग्रजीत आहेत, हे खरं. पण डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. त्याआधी तिने जुना परवाना बदलायचा घाट घातला होता आणि जगभरचे खेळाडू भडकले होते. त्याचा फायदा आपल्याला असा, की मूळ श्रेय देऊन हे नियम कुणीही बदलू शकतं, मराठीत आणू शकतं, छापू शकतं. परवानगीसाठी कुणाच्या दारात जायला नको. मराठीत खेळताना एक जाणवलं: 'हिट पॉइंट गेले' म्हणताना कुणाला काही वाटत नाही. 'दम संपत आलाय' म्हटलं की टेबल शांत होतं.

पाणी उतरल्यावर

आता आजींचा प्रश्न.

महाड सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशीत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याच्यासोबत दोन एसटी गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत पुरुषभराहून जास्त पाणी होतं आणि २२ जुलैला तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला. ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवशी दरडींनी माणसं नेली. आमच्या गटातले सगळे तेव्हा शाळा-कॉलेजात होते. चिखल काढायला सगळ्यांचे हात लागलेत.

तेव्हा 'नदीला पूर येतो, फासा टाका' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या टेबलावर एक अडथळा असेल. इथे नाही.

रोलप्लेइंगच्या जगात यासाठी साधी साधनं आहेत. जॉन स्टॅव्रोपोलस यांचं एक्स कार्ड म्हणजे टेबलावर ठेवलेला फुलीचा कागद. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आणि रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली रेषा आणि पडद्याची कल्पना: रेषेपलीकडचं खेळात अजिबात येणार नाही, पडद्याआडचं घडेल पण दाखवायचं नाही. आम्ही खेळ सुरू करण्याआधीच विचारलं, पुराचं काय करायचं? बाजारपेठेत राहणारी मैत्रीण थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूर असू दे. पण पाणी चढताना दाखवू नका. उतरल्यावरचं चालेल." तळीये आम्ही खेळात आणलं नाही, आणणारही नाही. चवदार तळंही नाही. जिथे २० मार्च १९२७ ला माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी इतिहास घडवला तिथे राक्षस बसवायचा नसतो.

पण पाणी उतरल्यावरच्या गोष्टीला शोनेनचे नियम चालेनात. कुणाला मारायचं? चिखलाला? चढता फासा ठेवून काय करणार? मरणाचा चौकोन तर तिथे खोटाच वाटतो. तानाजीने मरण निवडलं होतं. दरडीखाली गेलेल्यांना कुणी पेन्सिल दिली नव्हती. आजी तेच म्हणत होती.

तिथे कामाला आला दुसऱ्याच जातीचा ॲनिमे: माकोतो शिनकाई यांचा 'सुझुमे', २०२२ चा, आपल्याकडे २०२३ मध्ये थिएटरला लागलेला. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत आई गमावलेली मुलगी गावोगावच्या ओसाड जागांतली दारं बंद करत फिरते, कारण त्या दारांतून भूकंप बाहेर येतो. आणि दार नुसत्या जोराने बंद होत नाही. तिथे एकेकाळी राहिलेल्या माणसांचे आवाज, त्यांचं रोजचं बोलणं मनात आणावं लागतं. तेव्हा कुठे कुलपाची जागा उमटते. म्हणजे इथे ताकद घावातून येत नाही, शपथेतूनही नाही. आठवणीतून येते.

हा नियम कागदावर दोन ओळींचा आहे. दार बंद करायचं तर प्रत्येकाने त्या जागेची एक साधी, रोजची गोष्ट सांगायची. मोठी नको, दुःखाची नको. प्रत्येक गोष्टीला एक फासा. सगळे फासे एकत्र टाकायचे. एकावर जरी सहा आला तरी दार बंद. नाही आला, तर अजून एक गोष्ट, अजून एक फासा. हरणं नाहीच, फक्त जास्त आठवावं लागतं.

खेळातली बाजारपेठ आम्ही खऱ्या नावाची ठेवली नाही. पण गोष्टी कुठून येणार? शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात वह्यांना खाकी कव्हर घालून देणारे काका. भिजलेल्या छत्र्यांची बादली. दुकानाच्या पायरीवर झोपणारं आणि गिऱ्हाईक आलं तरी न हलणारं मांजर. एक जण म्हणाला, शिलाई मशीनचा आवाज, पाऊस असला की तो वेगळा यायचा. मैत्रीण सगळ्यात शेवटी बोलली. तिने भिंतीवरच्या दोन खुणा सांगितल्या: एक तिच्या उंचीची, दर वाढदिवसाला बाबा पेन्सिलने करायचे ती, आणि दुसरी पुराच्या पाण्याची, पहिलीच्या वर. रंग देताना दोन्ही ठेवल्यात. रोजची गोष्ट सांगायची असं ठरलं होतं, म्हणून सूत्रधाराने तिच्याकडे प्रश्नार्थक बघितलं. "रोज दिसतात," ती म्हणाली. फासा मिळाला. एक्स कार्डला कुणी हात लावला नाही.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर फाशांचा हिशोब देऊन ठेवते. पाच फाशांत निदान एक सहा येण्याची शक्यता साधारण ६० टक्के, दहा फाशांत ८४. म्हणजे पाच जणांच्या गटाला बहुतेक वेळा एका फेरीत जमतं, कधी दुसरी लागते. तिघंच असाल तर ४२ टक्क्यांवर याल, तेव्हा प्रत्येकी दोन गोष्टी ठेवा. आणि ज्या गावात खेळताय त्या गावात वाढलेला निदान एक जण टेबलावर असू द्या, नाहीतर सगळ्या आठवणी सिनेमातल्या निघतात.